जाळं कुठं टाकलं?

उरण तालुक्यातल्या करंजाच्या धक्क्याला बोट लागली, मासळी उतरू लागली, की आजूबाजूची माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. बोटीचा तांडेल त्याचं नेमकं उत्तर देत नाही. ‘खालच्या अंगाला’, ‘बाहेर’ असं काहीतरी बोलून तो बर्फाकडं वळतो, आणि त्याचा कोणाला राग येत नाही. कुठल्या पाण्यात, भांगाला की उधाणाला, किती वाव खोलीवर मासा लागतो, ही त्याची आयुष्यभराची कमाई आहे. द्रोणागिरीचा डोंगर, खांदेरीचं दीपगृह अशा खुणा एकमेकींशी जुळवून जुनी माणसं समुद्रातली जागा धरायची आणि ती खूण घरातल्या घरात राहायची. पुढं हातात जीपीएस आलं, खुणांच्या जागी आकडे आले. ते आकडेही तसेच जपले गेले.

ठावठिकाणा ही आपल्या मालकीची गोष्ट आहे, हे उरणला कोणी शिकवायला नको. स्मार्टफोनमधली अ‍ॅप्स आपण कुठं आहोत हे टिपून ठेवतात, यावर गेली दहाएक वर्षं जगभर वाद चालू आहे. आपल्याकडं तो बहुधा जाहिरातींपाशी येऊन थांबतो: बुटांच्या दुकानात गेलो आणि फोनवर बुटांच्या जाहिराती सुरू झाल्या. उरणमधून पाहिलं तर तोच प्रश्न कितीतरी जड वाटतो. २६ मे १९८९ रोजी देशाला अर्पण झालेलं न्हावा-शेव्याचं बंदर इथं आहे. करंजाला नौदलाचं शस्त्रागार आहे, ओएनजीसीचा प्रकल्प आहे, बोकडविऱ्याला वायूवर चालणारं वीजकेंद्र आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. एवढ्याशा तालुक्यात बोट, कंटेनर, ट्रेलर, मजूर, विद्यार्थी अशा प्रत्येकाच्या मागं कुठला ना कुठला ठिपका नकाशावर सरकत असतो. यातले काही ठिपके जीव वाचवतात, काही पोट भरतात, काही विकले जातात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्याचा ठिपका आहे त्याला ‘नको’ म्हणता येतं का. आणि इथं ‘नको’ म्हणण्याची ताकद ज्याच्याकडं सर्वांत कमी, त्याच्यावरच सर्वांत जास्त नजर आहे.

आधी हे कळतं कसं, ते पाहू. लोकेशन बंद केलं की झालं, असा समज अजून घट्ट आहे. उपग्रहांवरून जागा ठरवणं ही अनेक वाटांपैकी एक वाट. फोन ज्या मोबाइल टॉवरला धरून असतो त्यावरूनही अंदाज बांधता येतो. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे लोकप्रिय अ‍ॅप जीपीएस आणि इंटरनेट नसतानाही गाडी कुठं आली ते सांगतं, ते टॉवरच्याच आधारावर. आसपासच्या वायफायची नावं आणि ब्लूटूथची उपकरणं यांवरून तर इमारतीच्या आतली जागाही बरीच नेमकी कळू शकते. इंटरनेटच्या पत्त्यावरून बऱ्याचदा निदान शहर तरी समजतं. लोकेशनची परवानगी काढून घेतली तर अ‍ॅपपुरती यातली बरीचशी दारं बंद होतात. पण सिम चालू असेपर्यंत मोबाइल कंपनीला आपला टॉवर दिसतच राहतो.

शिवाय लोकेशन मागणारं प्रत्येक अ‍ॅप लबाड नसतं. रेल्वेच्या यूटीएस अ‍ॅपने लोकेशन मागायला सुरुवात केली ती फलाटावर किंवा गाडीत बसून ऐनवेळी तिकीट काढता येऊ नये म्हणून. स्थानकापासून अमुक अंतराच्या आतच तिकीट मिळण्याची बाहेरची मर्यादा २०२४ साली काढली, आतली तशीच ठेवली. कारण समजतं, काम संपलं की माहितीची गरजही संपते. अडचण सुरू होते ती टॉर्च, कॅलेंडर, खेळ किंवा हवामानाचं अ‍ॅप ‘नेहमी परवानगी द्या’ म्हणतं तिथून. अशा फुकट अ‍ॅपच्या आत बऱ्याचदा त्याच्या मालकाने न लिहिलेला, तिसऱ्याच कंपनीने दिलेला तयार तुकडा बसवलेला असतो. तो जागेची नोंद आणि फोनचा जाहिरातीसाठीचा क्रमांक उचलून बाहेर पाठवतो. अ‍ॅप बनवणाऱ्याला पैसे मिळतात आणि नोंदी दलालांच्या बाजारात जातात.

‘नाव कुठं असतं त्यात? नुसता क्रमांक असतो’, हे या बाजाराचं ठरलेलं उत्तर. ते टिकत नाही, हे २०१३ सालीच दिसून आलं. इव्ह-अलेक्झांडर द मोंजोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. कुठं आणि केव्हा, अशा फक्त ४ नोंदी हाती असतील तर त्या गर्दीतून ९५ टक्के माणसं वेगळी काढता येतात, असं त्यांना आढळलं. यात गणिताची जादू नाही. मोरा गावठाणातल्या एका घरात रात्रभर थांबणारा, सकाळी ठरल्या वेळी एका ठरल्या गेटपाशी पोचणारा आणि गुरुवारी संध्याकाळी एका देवळाजवळ अर्धा तास रेंगाळणारा फोन किती जणांचा असेल? शेजारणीला नाव सांगायला दोन क्षण पुरतील. डिसेंबर २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हाती अशी एकच फाइल लागली. तिच्यात १ कोटी २० लाखांहून जास्त अमेरिकी फोनच्या ५० अब्जांहून अधिक नोंदी होत्या. पत्रकारांनी त्यांतून सरकारी अधिकारी ओळखून काढले, त्यांची घरंही शोधली. जानेवारी २०२५ मध्ये ‘ग्रेव्ही अ‍ॅनालिटिक्स’ या लोकेशन-दलाल कंपनीच्या माहितीवरच डल्ला मारला गेल्याचं उघड झालं. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. लोकेशन हिस्टरी बंद केल्यावरही दुसऱ्या एका सेटिंगमधून जागेच्या नोंदी होत राहिल्या, या तक्रारीवर गूगलने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांना ३९.१५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

उरणकरांनी नीट लक्षात ठेवावी अशी गोष्ट मात्र स्ट्राव्हाची आहे. धावणं आणि सायकल चालवणं नोंदवणाऱ्या या अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या वापरकर्त्यांच्या वाटांचा एकत्र नकाशा प्रसिद्ध केला. नाव कोणाचंच नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की वाळवंटात, जिथं काहीच नसायला हवं, तिथं लख्ख रेघा चमकताहेत. त्या लष्करी तळांच्या आत रोज धावणाऱ्या सैनिकांच्या होत्या. इकडं उरणला नौदलाच्या ‘सेफ्टी झोन’मुळं लोकांना घर बांधताना आणि दुरुस्त करताना वर्षानुवर्षं अडचणी आल्या आहेत. २२ सप्टेंबर २०१६ रोजी शाळकरी मुलांनी हत्यारबंद संशयित पाहिल्याचं सांगितलं आणि मुंबईसह सगळा किनारा सतर्क झाला. अशा गावात सुरक्षेसाठी माणसांवर नजर ठेवावी, हा युक्तिवाद चटकन पटतो. स्ट्राव्हा नेमकी उलटी बाजू दाखवतं. माणसांच्या हालचालींचा साठा कुठंतरी बाजारात पडून असणं हाच सुरक्षेला धोका आहे. गेटवरच्या पहारेकऱ्याची खासगी वाट उघडी पडली, की ते गेटही उघडं पडतं.

आता पुन्हा समुद्राकडं. २००८ साली ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून दहशतवादी मुंबईत उतरले आणि त्यानंतर कोळी समाजाच्या वाट्याला ओळखपत्रं, नोंदणी, टोकन, तपासणी यांचा फेरा आला. पुढचा मोठा टप्पा ३० ऑगस्ट २०२४ चा. त्या दिवशी पालघरला पंतप्रधानांनी बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू केली. किनाऱ्यावरची १३ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, १ लाख बोटी, ३६४ कोटी रुपये, यंत्र मच्छीमाराला मोफत. मोबाइलची रेंज संपते त्याच्या कितीतरी पुढं असलेल्या बोटीला वादळाचा इशारा मिळतो, सागरी हद्द जवळ आल्याचं कळतं, बुडत्या बोटीवरून हाक मारता येते. ज्यांनी वादळात माणसं गमावली त्या घरांना याचं मोल समजावून सांगावं लागत नाही. मीही या यंत्राच्या बाजूनं आहे.

पण त्याच यंत्रातून तांडेलाची सगळी विद्या रेघेच्या रूपानं किनाऱ्यावर येते. बोट कुठं मंदावली, कुठं घिरट्या घातल्या, कुठं चार तास थांबली, हे ज्याला दिसतं त्याला जाळं कुठं टाकलं ते विचारावं लागत नाही. वादळात शोध घेण्यासाठी आताची जागा लागते, गेल्या हंगामातली लागत नाही. परवाना तपासायचा असेल, १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोट बाहेर गेली का हे पाहायचं असेल, तर मागच्या नोंदी काही काळ ठेवाव्या लागतील, हेही मान्य. पण ‘काही काळ’ म्हणजे किती, ती रेघ कोणत्या खात्याला दिसेल, बड्या ट्रॉलरमालकाला किंवा मासळीच्या व्यापाऱ्याला ती कधीच मिळणार नाही याची हमी काय, हे धक्क्यावर मराठीत लिहून लावलं पाहिजे. जीव वाचवणारं यंत्र म्हणून जे स्वीकारलं, ते धंद्यातलं गुपित फोडणारं ठरलं तर पुढचा तांडेल ते बंद ठेवायच्या युक्त्या शोधेल, आणि त्याची किंमत वादळाच्या रात्री मोजावी लागेल.

जमिनीवर बंदराचं आवार पाहा. कंटेनरवर रेडिओ टॅग लावून त्याचा प्रवास मालकाला दाखवणारी ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ देशात पहिल्यांदा इथंच, न्हावा-शेव्याच्या बंदरात (जेएनपीटीत), १ जुलै २०१६ रोजी सुरू झाली. आयात-निर्यातदारांना तिचा उपयोग झाला. कंटेनर हरवत नाही, रखडला तर कुठं ते कळतं. कंटेनरला घर नसतं, आजार नसतो, भेटीगाठी नसतात, त्यामुळं त्याच्यावर चोवीस तास नजर ठेवली म्हणून काही बिघडत नाही. पण कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरवर जीपीएस येतं, टोलनाक्यांवर फास्टॅग वेळ नोंदवतो, आणि शेवटी ड्रायव्हरचा स्वतःचा फोन येतो. वाहतुकीच्या धंद्यात ‘सिम ट्रॅकिंग’ हा शब्द आता रोजचा आहे. ड्रायव्हरच्या नंबरवर संदेश जातो, त्याने होकार दिला की मोबाइल कंपनीच्या टॉवरवरून त्याची जागा ट्रान्सपोर्टवाल्याला दिसत राहते. अ‍ॅप नको, स्मार्टफोनही नको. होकार दिला नाही तर भाडं दुसऱ्याला जातं. गाडी पार्किंग प्लाझात उभी करून तो गेट उघडायची वाट पाहतो, जेवायला जातो, डॉक्टरकडं जातो, आणि फोन खिशात असतो. गाडीचा माग काढायला गाडीवरचं यंत्र पुरेसं आहे. माणसाचा माग त्या कामाचा भाग नाही, आणि ट्रिप संपल्यावर तर नाहीच नाही.

मजुराच्या बाबतीत हेच काम सरकार आणि पालिका करतात. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून एनएमएमएस अ‍ॅपवर दिवसातून दोनदा जागेच्या शिक्क्यासह फोटो काढून हजेरी लावणं देशभर सक्तीचं झालं. हेतू खोट्या हजेऱ्या रोखण्याचा, आणि तो योग्यच. पण नेट नसेल, फोटो चढला नाही, तर राबलेला दिवस कागदावर राहत नाही. नागपूर आणि नवी मुंबईत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. झाडू मारणाऱ्या बाईला पाणी प्यायला, लघवीला बाजूला जावं लागतं. नकाशावरचा ठिपका हद्दीबाहेर गेला की तो खाडा दिसतो, त्याचं कारण दिसत नाही. कामाची मोजणी करायची तर रस्ता झाडला गेला का ते पाहावं. बाई कुठं उभी आहे हे मिनिटामिनिटाला पाहण्यात कामापेक्षा तिच्यावरचा अविश्वास जास्त आहे.

करोनाच्या काळात हा प्रश्न एकदम सगळ्यांच्या दारात आला होता. विलगीकरणातल्या माणसाने घर सोडलं का हे पाहायला महाराष्ट्राने ‘महाकवच’ अ‍ॅप आणलं. त्यात आभासी कुंपण होतं आणि सेल्फीची हजेरी. केंद्राचं ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिल २०२० रोजी आलं आणि महिन्याभरात कर्मचाऱ्यांना सक्तीचं झालं. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले आणि २०१८ साली डेटा संरक्षण कायद्याचा पहिला मसुदा देणाऱ्या समितीचे अध्यक्ष असलेले बी. एन. श्रीकृष्ण यांनी ही सक्ती बेकायदेशीर असल्याचं उघडपणे सांगितलं, कारण तिच्यामागं कुठलाच कायदा नव्हता. पुढं सरकारने सक्तीची भाषा सौम्य केली. साथ असो, दहशतवाद असो की बोगस मजूर, संकट खरं असतं. म्हणूनच अशा वेळी काय घेतलं आणि ते कधी परत करणार हे आधीच लिहून ठेवावं लागतं.

घराबद्दल थोडंच लिहितो, कारण तिथं कायद्यापेक्षा माणसं मोठी असतात. रात्रीच्या लोकलने द्रोणागिरीला उतरणाऱ्या मुलीला आई म्हणते, ‘लोकेशन टाक.’ व्हॉट्सअ‍ॅपवर ऑक्टोबर २०१७ पासून पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास थेट जागा कळवता येते. त्यातली चांगली गोष्ट ही, की वेळ संपते. लेक घरी पोचली की ठिपका विझतो. पण लग्नानंतर नवऱ्याने बायकोच्या फोनमध्ये तिला न सांगता कायमचं ट्रॅकिंग चालू करून ठेवणं ही काळजी नव्हे. त्या फोनवर पाळत आहे हे लक्षात आल्यावर ती माहेरी, मैत्रिणीकडं किंवा पोलीस ठाण्यातही मोकळ्या मनानं जाऊ शकत नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनीही हाच धाक वापरला. अखेर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावलं, की त्यांनी फोनमधले संपर्क, कॉलच्या नोंदी, फाइली यांना हात लावायचा नाही, आणि लोकेशन घ्यायचं तर ओळख पटवण्यापुरतं, एकदाच आणि स्पष्ट संमतीनं.

कायदा कुठं उभा आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. लोकेशनच्या बाबतीत मला जास्त जवळचा वाटतो तो ८ जुलै २०२४ चा निकाल. फ्रँक व्हायटस या नायजेरियन आरोपीला जामीन देताना, त्याने गूगल मॅपवर आपली खूण टाकून तपास अधिकाऱ्याला दाखवत राहावी, अशी अट होती. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी ती रद्द केली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता यावी अशी अट घटनेच्या २१ व्या कलमाला धरून नाही, असं त्यांनी म्हटलं. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या आरोपीला जे संरक्षण मिळालं, ते कुठलाही आरोप नसलेल्या ट्रेलर ड्रायव्हरला किंवा सफाई कामगाराला मिळालेलं नाही. हे मला खटकतं.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही ते संरक्षण नीट देत नाही. २०११ च्या जुन्या नियमांत ‘संवेदनशील’ माहितीची यादी होती, तिच्यात ठावठिकाणा नव्हताच. नव्या कायद्याने तर संवेदनशील हा वर्गच काढून टाकला. नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. सरकार आपल्या यंत्रणांना सुरक्षा आणि सुव्यवस्थेच्या कारणाने कायद्यातून सूट देऊ शकतं. दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागता येईल असं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ४३-अ कलमही आता रद्द होणार आहे. अंमलबजावणीचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. दरम्यान डिसेंबर २०२५ मध्येच एक बातमी आली. फोनमधलं उपग्रहावर चालणारं लोकेशन कायम चालू राहील, वापरणाऱ्याला बंदच करता येणार नाही, असा मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचा प्रस्ताव सरकार तपासत होतं, आणि अ‍ॅपल, गूगल, सॅमसंग यांचा त्याला विरोध होता. पोलीस तपासाला मदत होईल हे खरं. पण एकदा बंद करण्याचं बटणच काढून टाकलं, की वर सांगितलेल्या कुठल्याच माणसाला ‘नको’ म्हणायची सोयच उरणार नाही.

फोनमध्ये स्वतः करण्यासारखं थोडं आहे आणि ते करावंच. अ‍ॅप वापरतानाच लोकेशन द्यावं. हवामान किंवा बातम्यांसाठी ‘अचूक’ बंद करून ‘अंदाजे’ ठेवावं, अँड्रॉइडवर ही सोय २०२१ पासून आहे. जाहिरातीचा क्रमांक पुसून टाकावा. पाच मिनिटांचं काम आहे. पण ज्याचं भाडं, हजेरी किंवा कर्ज त्या परवानगीवर अडलं आहे, त्याला हा सल्ला देणं म्हणजे त्याच्याच गळ्यात दोष अडकवणं आहे.

उरणला ‘संमती’ हा शब्द नवा नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई आणि पागोटेच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. कागदावरचा अंगठा आणि खरा होकार यांतलं अंतर इथल्या घराघरात माहीत आहे. त्या वेळी आपलं काय जातंय हे निदान बांधावर उभं राहून दिसत होतं.

नव्या कायद्यात एक तरतूद उरणच्या कामाची आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय वापरणाऱ्याला द्यावीच लागेल, आणि त्या २२ भाषांत मराठी आहे. सूचनेत काय घेतो आणि कशासाठी, हे लिहावं लागेल. आपली कोणती माहिती त्यांच्याकडं आहे आणि ती कोणाला दिली, हे विचारण्याचा आणि ती पुसायला लावण्याचा हक्कही आहे. यासाठी मे २०२७ ची वाट पाहायला नको. मच्छीमार संस्थेने मत्स्यव्यवसाय खात्याला, वाहतूकदारांच्या संघटनेने सिम ट्रॅकिंग करणाऱ्या कंपनीला आणि कामगार युनियनने पालिकेला आजच पत्र लिहावं: आमच्या माणसाची रेघ किती दिवस ठेवता, कोणाकोणाला दाखवता, काम संपल्यावर ती किती वाजता थांबते? उत्तर मराठीत द्या.